पगार समक्ष भेटीत

दसरा-दिवाळीच्या सुमारास जालना जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, तेव्हा टनामागे काय मिळणार हे कोयत्यावरच्या नवरा-बायकोला ठाऊक असतं. जानेवारी २०२४मध्ये साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि ती बातमी फडाफडांत पोहोचली. मुकादम उचलीच्या हिशेबात घोळ घालतो, काटा मारला जातो, अंगावर फिरलेली बाकी पुढच्या हंगामात जाते. हे सगळं खरं. पण दर मात्र लपत नाही. जालना शहरात सकाळी मजूर अड्ड्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ‘हजेरी किती?’ हाच असतो आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय तो गाडीत चढत नाही. दुसऱ्या टोकाला सरकारी नोकरी. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. त्या जाहिरातीत वेतनश्रेणी छापलेली होती, एस-८ : २५,५००-८१,१०० अधिक भत्ते. म्हणजे अंगमेहनतीच्या कामाचा भाव उघड आहे आणि सरकारी खुर्चीचाही. मधल्या माणसाचं काय? आयटीआय झालेला फिटर, डिप्लोमा झालेला इंजिनीअर, टॅली शिकलेली बी.कॉम. मुलगी मोबाइलवर खासगी नोकरी शोधायला बसतात तेव्हा पगाराच्या जागी ‘नॉट डिस्क्लोज्ड’, ‘बेस्ट इन इंडस्ट्री’, ‘योग्यतेनुसार’ किंवा ‘समक्ष भेटीत’ एवढंच लिहिलेलं असतं. पगार न छापणं ही बाजाराची अपरिहार्य गरज नाही, मालकाच्या सोयीची सवय आहे. आणि त्या सवयीचा खर्च नोकरीपासून जितकं लांब राहावं तितका जास्त भरावा लागतो. या प्रकरणात मांडायचं आहे ते एवढंच.

हा खर्च कसा असतो तो पाहू. जालन्यात लोखंडाचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत, साठ किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर आणि त्याच्या अलीकडे शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आहे. तरीही ऑनलाइन दिसणाऱ्या जाहिरातींतल्या बऱ्याचशा जागा पुणे, चाकण, रांजणगाव किंवा मुंबईच्या असतात. भोकरदन किंवा जाफराबादच्या पोराने चाकणला मुलाखतीला जायचं म्हणजे रात्रीची ट्रॅव्हल्स किंवा एसटी, सकाळी कुणाच्या तरी खोलीवर अंघोळ, दिवसभर गेटवर आणि मग परतीची रात्र. हातात छोटं काम असेल तर दोन दिवसांची हजेरी बुडते. एवढं केल्यावर एचआरच्या खोलीत जो आकडा कळतो, तो घरबसल्या एका फोनवर कळण्यासारखा असतो. शिवाय आकडा कानावर पडेपर्यंत माणूस अर्धा हरलेला असतो, कारण भाडं खर्च झालेलं आहे आणि रिकाम्या हाताने परतायचं आहे. चाकणच्याच उमेदवाराला हा आकडा नाकारणं सोपं; त्याची दुपारची पाळीसुद्धा बुडत नाही. जाहिरात दोघांना एकच दिसते, पण ती वाचून पगार विचारायला जाण्याची किंमत दोघांना सारखी पडत नाही.

अर्थशास्त्राने याचा विचार पूर्वीच केला आहे. १९६१मध्ये जॉर्ज स्टिगलर यांनी भाव शोधण्यालाही खर्च येतो, हे साधं वाटणारं सत्य सिद्धान्तात आणलं. दहा वर्षांनी पीटर डायमंड यांनी त्यातून जो निष्कर्ष काढला तो अस्वस्थ करणारा आहे. भाव कळण्यासाठी प्रत्येक दुकानात स्वतः जावं लागत असेल, तर तो फेरा अगदी थोड्या खर्चाचा असला तरी दुकानदारांना एकमेकांशी स्पर्धा करण्याचं कारण उरत नाही. बाजारात पन्नास दुकानं असूनही भाव मक्तेदारासारखा राहतो. डायमंड यांना २०१०चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही शोधाचा खर्च येणाऱ्या, नोकऱ्यांसारख्या बाजारांवरच्या कामासाठी. हा विचार आपल्या प्रश्नाला लावून पाहा. शेजारच्या कंपनीपेक्षा मी दोन हजार जास्त देतो, हे छापायचंच नसेल तर ते देऊन मालकाला मिळतं काय? चांगला पगार देणाऱ्यालाही त्याचा फायदा होत नाही, कारण त्याची जाहिरात कंजूष मालकाच्या जाहिरातीसारखीच दिसते. म्हणून हा प्रश्न मालक विरुद्ध नोकर एवढाच नाही. अंधारात चांगल्या मालकाचंही नुकसान आहे.

आता समजा, आकडा छापला. तेवढ्याने उजेड पडतो का? नेहमी नाही, आणि इथे जरा थांबायला हवं. जाहिरातीत ‘सीटीसी २.४० लाख’, म्हणजे कंपनीला वर्षाला पडणारा एकूण खर्च, असं दिसलं की वाचणारा मनात बाराने भागतो आणि महिना वीस हजार धरतो. मूळ वेतन दहा हजार आहे असं मानून ढोबळ हिशेब करू. कंपनीने भरायचा १२ टक्के पीएफ, १,२०० रुपये, याच वीस हजारांतून जातो. ग्रॅच्युइटीच्या नावाने ४.८१ टक्के म्हणजे ४८१ रुपये धरले जातात. ईएसआय लागू असेल तर कंपनीचा ३.२५ टक्क्यांचा हिस्सा, सुमारे ५७७ रुपये, हाही सीटीसीतच. उरले १७,७४२, ही झाली ग्रॉस. त्यातून कामगाराचा स्वतःचा पीएफ १,२००, ईएसआयचे ०.७५ टक्के म्हणजे १३३, आणि पुरुष असेल तर व्यवसाय कर २०० (महाराष्ट्रात स्त्रियांना महिना पंचवीस हजारांपर्यंत तो माफ आहे). हातात पडतात १६,२०९ रुपये. पीएफ आपलाच असतो, तो बुडत नाही; पण चाकणमधल्या कॉट बेसिसच्या खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे पीएफमधून देता येत नाहीत. काही ठिकाणी याच सीटीसीत बोनस, विम्याचा हप्ता आणि कंपनीच्या बसचा खर्चही बसवलेला असतो. म्हणून पारदर्शकता म्हणजे नुसता एक मोठा आकडा नव्हे. मूळ वेतन किती, ग्रॉस किती, हातात किती आणि हे किती तासांच्या पाळीचं, एवढं कळलं तर पगार कळला. बारा तासांची पाळी लावून ओव्हरटाइमसह सांगितलेले अठरा हजार आणि आठ तासांचे सोळा हजार यांत जास्त कोणते, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही कामगाराला समजवावं लागत नाही.

मालकाचा आकडा झाकलेला असताना उमेदवाराचा मात्र पूर्ण उघडा असतो. साइटवर प्रोफाइल भरतानाच सध्याचा सीटीसी आणि अपेक्षित सीटीसी असे दोन रकाने समोर येतात. मुलाखतीत तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागतात, काही ठिकाणी बँकेचं स्टेटमेंटही. सौद्यात एका बाजूचे पत्ते टेबलावर आणि दुसऱ्या बाजूचे मुठीत. यात छोट्या शहरातून सुरुवात करणाऱ्याचं दुहेरी नुकसान होतं. जालन्यात एखाद्या फर्ममध्ये नऊ-दहा हजारांवर कामाला लागलेल्या मुलीला पुण्यात त्याच कामासाठी ‘आधीच्या पगारावर तीस टक्के वाढ’ असं भाव खाऊन सांगितलं जातं, आणि ती खूश होऊन सही करते. तिच्या शेजारी बसून तेच काम करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून अठरा हजार असतात, कारण त्याची पहिली नोकरी पुण्यातली होती. कामाची किंमत कामावर न ठरता गावावर ठरते आणि ते गाव पुढच्या तीन नोकऱ्यांपर्यंत पाठ सोडत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६मध्ये कायदा करून आधीचा पगार विचारण्याला बंदी घातली. युरोपीय संघाच्या २०२३च्या वेतन पारदर्शकता निर्देशातही तीच बंदी आहे. त्यात मुलाखतीपूर्वी पगाराची पातळी कळवण्याचं बंधन आहे आणि सदस्य देशांनी आपापल्या कायद्यांत ते आणण्यासाठी ७ जून २०२६ ही मुदत ठरवली गेली. स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन हे तत्त्व आपल्याकडे १९७६च्या कायद्यापासून आहे आणि नव्या वेतन संहितेतही आहे. पण शेजारच्या खुर्चीचा पगारच माहीत नसेल तर त्या तत्त्वाचा दावा कशाच्या आधारावर करायचा?

‘हे सगळं परदेशात ठीक आहे, आपल्याकडे असं कुठे चालतं?’ असं म्हणणाऱ्यांनी एक जुना भारतीय कागद पाहावा. सेवायोजन कार्यालयांना रिक्त जागा कळवणं बंधनकारक करणारा १९५९चा केंद्रीय कायदा १ मे १९६०ला, म्हणजे महाराष्ट्र स्थापन झाला त्याच दिवशी अमलात आला. पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनाही तो लागू होता. त्याखालच्या नियमांत जागा कळवण्याचा नमुना दिला आहे, आणि त्यात पदाचं नाव, कामाचं स्वरूप, पात्रता, जागांची संख्या यांच्यासोबत ‘वेतन व भत्ते’ असा स्वतंत्र रकाना आहे. पासष्ट वर्षांपूर्वी भारत सरकारला हे उघड दिसत होतं की पगाराशिवाय रिक्त जागेची माहिती पूर्ण होत नाही. कायदा दुबळा होता हे मान्य करायला हवं: पहिल्या गुन्ह्याला दंड पाचशे रुपयांपर्यंत, आणि कळवलेल्या जागेवर कार्यालयाने पाठवलेलाच माणूस घेण्याची सक्ती नाही. पुढे जाहिराती वर्तमानपत्रांतून वेबसाइटवर आणि तिथून व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर गेल्या, पण तो रकाना सरकारी फायलीतच राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ला चार कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हा तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आणि सेवायोजन कार्यालयाचं करिअर सेंटर झालं. नव्या संहितांनी नेमणूक पत्र सक्तीचं केलं, ही चांगली गोष्ट आहे. पण नेमणूक पत्र हातात येतं तेव्हा घर सोडून झालेलं असतं. माहिती लागते ती अर्ज करण्याआधी.

आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वात प्रामाणिक आक्षेप असा की नव्या माणसाचा पगार छापला तर जुनी माणसं बिथरतात. हे खोटं नाही. कॅलिफोर्नियात २००८मध्ये एका वर्तमानपत्राने सरकारी नोकरांचे पगार संकेतस्थळावर टाकले, तेव्हा डेव्हिड कार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. आपण इतरांपेक्षा कमी घेतो हे ज्यांना कळलं ते नाराज झाले आणि दुसरी नोकरी शोधू लागले. जास्त घेणाऱ्यांच्या आनंदात काही भर पडली नाही. म्हणजे असंतोष वाढतो, हे मोजलेलं आहे. पण तो असंतोष फरकातून येतो, छापण्यातून नाही. दहा वर्षं भट्टीवर घालवलेल्या माणसापेक्षा काल आलेल्याला जास्त देत असाल आणि त्याचं कारण सांगता येत नसेल, तर जाहिरात न छापून ते किती दिवस झाकणार? चहाच्या टपरीवर ते आठवड्यात कळतं, फक्त चुकीच्या आकड्यासह.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो जास्त टोकदार आहे. झोई कलन आणि बॉबी पाकझाद-हर्सन यांनी दाखवलं की कर्मचाऱ्यांना एकमेकांचे पगार विचारण्याचा हक्क कायद्याने मिळाला की सरासरी पगार सुमारे दोन टक्क्यांनी खाली येतो. एकाला वाढवून दिलं की सगळे मागतील, म्हणून मालक कुणालाच वाढवून देत नाही. डेन्मार्कमध्ये मोठ्या कंपन्यांना स्त्री-पुरुषांच्या पगाराची आकडेवारी देणं सक्तीचं झालं, तेव्हा दरी कमी झाली खरी, पण ती मुख्यतः पुरुषांचे पगार हळू वाढल्यामुळे. मग पारदर्शकता कामगाराच्या हिताची कशी? इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. कंपनीच्या आत कोण किती घेतो हे उघड करणं ही एक गोष्ट. बाहेरच्या उमेदवाराला अर्जाआधी पगाराचा पल्ला सांगणं ही दुसरी. पहिलीत सौदा करण्याची मालकाची तयारी कमी होते. दुसरीत एका मालकाला दुसऱ्या मालकाशी झुंजावं लागतं. कोलोरॅडो राज्याने १ जानेवारी २०२१पासून जाहिरातीत पगार छापणं सक्तीचं केलं. त्यानंतरच्या अभ्यासात छापलेले पगार साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढलेले दिसले. स्लोव्हाकियाने २०१८मध्ये तसाच नियम केला, तिथेही पगार वरच गेले. या प्रकरणाची बाजू आहे ती जाहिरातीच्या पारदर्शकतेची.

कोलोरॅडोत काही कंपन्यांनी घरून करायच्या कामाच्या जाहिरातींत ‘कोलोरॅडोच्या रहिवाशांनी अर्ज करू नये’ असं लिहून पळवाट काढली होती, हेही सांगायला हवं. न्यूयॉर्क शहरात नियम आला तेव्हा काहींनी एवढा रुंद पल्ला छापला की त्यातून काही कळू नये. आपल्याकडे सक्ती झाली तर ‘१२,००० ते ६०,०००’ अशा जाहिराती पहिल्याच आठवड्यात दिसतील, यात शंका नको. त्यावर उपाय आहे: खालच्या आकड्यापेक्षा वरचा आकडा किती पट असू शकतो याची मर्यादा, आणि हातात पडणारी किमान रक्कम लिहिण्याची अट. पाच माणसांच्या दुकानदाराला यात ओढण्याची गरज नाही. १९५९च्या कायद्याची पंचवीस माणसांची रेघ तयारच आहे.

‘अनुभवाप्रमाणे पगार ठरतो, आधी कसा सांगणार?’ हा तिसरा आक्षेप मात्र मला फारसा टिकाऊ वाटत नाही. पद मंजूर होतं तेव्हा त्याचं बजेट मंजूर झालेलं असतं. एचआरच्या माणसाला वरची मर्यादा फोन उचलण्याआधी ठाऊक असते. ज्याला हे अशक्य वाटतं त्याने मोंढ्याचा इतिहास आठवावा. एकेकाळी अनेक बाजारांत आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करत. माल ज्याचा, तो शेतकरी शेजारी उभा राहून बघत राही. हर ढिगाचा कस वेगळा, भाव आधी कसा ओरडणार, हाच युक्तिवाद तेव्हाही होता. हैदराबाद संस्थानाने, ज्यात तेव्हा जालना होतं, १९३०मध्ये शेतमाल बाजाराचा कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९६३चा. उघड लिलाव आल्यावर आडत बंद पडली नाही. मोंढ्यात आजही शेतकरी नाडला जातो, पण रुमालाखाली नाही.

एक मुद्दा सहसा या चर्चेत येत नाही. ऑनलाइन जाहिरातींत पगार सर्वात ठळक कोण छापतं? फसवणारे. ‘घरबसल्या काम, महिना ३५,०००, अनुभवाची गरज नाही’ आणि मग रजिस्ट्रेशनचे, ट्रेनिंगचे, युनिफॉर्मचे पैसे. खरी कंपनी गप्प आणि खोटी मोठ्याने बोलते, अशा बाजारात नव्या पोराने खरं-खोटं ओळखायचं कसं? डेटा एंट्रीला जालन्यात, संभाजीनगरात, पुण्यात साधारण काय मिळतं हे शंभर खऱ्या जाहिरातींतून दिसत असतं, तर पस्तीस हजार पाहूनच शंका आली असती. सरकारने २०२४मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली तेव्हा विद्यावेतन जाहीर केलं: बारावी ६,०००, आयटीआय किंवा पदविका ८,०००, पदवीधर १०,०००. रक्कम थोडी आहे, तिच्यावर टीकाही झाली. पण ती छापलेली असल्यामुळे मंठ्याच्या पदवीधराला निदान एक मोजपट्टी मिळाली. राज्य सरकार प्रत्येक अनुसूचित रोजगाराचे कुशल, अर्धकुशल, अकुशल असे किमान वेतनाचे दर परिमंडळाप्रमाणे जाहीर करतं आणि जानेवारी-जुलैत विशेष भत्ता बदलतं. ते दर नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीखाली दिसावेत ही मागणी फार मोठी नाही. साइट चालवणाऱ्याला त्यासाठी एक तक्ता जोडावा लागेल.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर जिल्हा कौशल्य विकास व रोजगार केंद्राने भरवलेल्या मेळाव्यांना तरी हा नियम लावता येईल: पगार आणि पाळीचे तास लिहून दिले नाहीत तर मेळाव्यात टेबल नाही. त्यासाठी विधानसभेत जावं लागत नाही, प्रशासनाचं एक परिपत्रक पुरतं. आणि जो आज रात्री मोबाइलवर अर्ज करणार आहे, त्याने मुलाखतीची तारीख येताच एवढा मेसेज टाकावा: मूळ वेतन किती, हातात किती, पाळी किती तासांची, साप्ताहिक सुट्टी आहे का, राहण्याची सोय आहे का. तोंडी उत्तर चालणार नाही, लेखी मागावं. नम्रपणे विचारलेल्या या प्रश्नांनी नोकरी जात असेल तर ती नोकरी काय होती हे कळलं. आणि दोन दिवसांत उत्तरच आलं नाही तर चाकणची गाडी पकडू नये.